ओसरीवरची शपथ

शेरिफच्या हाताखालच्या पोलिसाच्या, म्हणजे डेप्युटीच्या नोकरीत होबर्ट एस्टेपची बावीस वर्षं गेली होती, आणि या बावीस वर्षांत त्याची एका गोष्टीवर पक्की श्रद्धा बसली होती. बकआय फोर्कच्या खोऱ्यातली निम्मी भांडणं कोर्ट मिटवत नाही, शेरिफ मिटवत नाही. ती मिटवतो पीव्ही डोंगर.

खोऱ्यात कुणाचा कुत्रा कुणाच्या कोंबड्यांवर गेला, कुणी कुणाच्या हद्दीत जुने टायर टाकले, की माणूस तणतणत होबर्टकडे यायचा. होबर्ट शांतपणे म्हणायचा, "बरं, बसा गाडीत. मार्लोला जाऊ. मॅजिस्ट्रेटबाईंसमोर हात वर करून शपथेवर सांगा, मग त्या वॉरंट काढतील नाहीतर समन्स." मार्लो अडतीस मैलांवर आणि मध्ये पीव्ही डोंगराची सत्तावीस वळणं. पहिल्या दहा वळणांत तक्रारदार शेजाऱ्याचा उद्धार करायचा. पुढच्या दहांत तो दोन्ही हातांनी दाराचं हँडल धरून बसायचा. माथ्यावरच्या पेट्रोल पंपापाशी होबर्ट गाडी थांबवून दोन गरम पेपरोनी रोल, म्हणजे तिखट मांस भरलेले पाव, आणायचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या घासाला तो माणूस खिडकीबाहेर बघत म्हणायचा, "तसं कुत्रं वाईट नाही रे ते. आमचीच कोंबडी जरा आगाऊ." दहातल्या पाच वेळा गाडी तिथूनच मागे फिरायची.

यंदा जूनपासून हे सगळं बंद झालं. शेरिफने सगळ्या डेप्युटींना एकेक टॅब दिला. किरकोळ गुन्ह्यांसाठी आता कुणी डोंगर चढायचा नाही. जिथे असाल तिथून मॅजिस्ट्रेटना व्हिडिओ कॉल लावायचा, तिथेच शपथ, तिथेच सही. चार्ल्सटनहून आलेल्या एका चुणचुणीत मुलीने सगळ्यांना बसवून शिकवलं. चेहरा पूर्ण दिसला पाहिजे, आवाज स्पष्ट आला पाहिजे, उजवा हात खांद्याच्या वर गेला पाहिजे आणि सही बोटाने करायची. होबर्टने बोटाने सही केली, तेव्हा ती त्याची त्यालाच ओळखू येईना. "कोंबडी चालून गेल्यासारखी दिसते," तो म्हणाला. मुलगी म्हणाली, "चालेल, सर. कायद्याला चालते."

होबर्टने तो टॅब सीटखाली सरकवून ठेवला आणि पाच आठवडे त्याला हात लावला नाही. पण जुलैच्या एका गुरुवारी सकाळी गार्लंड क्लाइनने त्याला रस्त्यात अडवलं.

गार्लंड चौऱ्याहत्तर वर्षांचा. आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलेलं, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, खालच्या चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्रीचा मदतनीस. माणूस काटक, पण त्या दिवशी त्याचा चेहरा जरा उतरलेला वाटला. आवाज मात्र खणखणीत होता.

"होबर्ट, ते गाढव माझ्या परड्यात शिरलं. कोबीचे चौदा गड्डे खाल्ले. चौदा! आंबवून बरण्या भरायच्या म्हणून राखले होते. शेंगांच्या दोन ओळी तुडवल्या त्या वेगळ्याच. मला वॉरंट पाहिजे."

"गाढवावर?"

"गाढवाच्या मालकिणीवर."

गाढवाची मालकीण म्हणजे झेला मुलिन्स. ती वर टेकाडावर राहायची, गार्लंडच्या कुंपणाला लागून. एकोणऐंशी वर्षांची. तिने चौतीस वर्षं शाळेची बस चालवली होती, आणि होबर्टला पहिलीपासून बारावीपर्यंत त्या बसमधून नेलं-आणलं होतं. पाचवीत असताना तो खिडकीतून थुंकला म्हणून तिने त्याला घराच्या अर्धा मैल अलीकडे उतरवून चालायला लावलं होतं. आजही तिच्या दाराशी जाताना होबर्टच्या तोंडातली तंबाखू आपोआप बाहेर पडायची.

गार्लंड आणि झेला यांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. हद्दीवर अक्रोडाचं एक झाड होतं, झेलाच्या नवऱ्याने लग्नाच्या साली लावलेलं. त्याची सावली परड्यावर पडते म्हणून गार्लंडने एका शनिवारी ते तोडलं. झाड आपल्या बाजूला आहे असं त्याला खरोखरच वाटत होतं. झेला तेव्हा बहिणीकडे गेली होती. परत आली, बुंधा बघितला आणि काहीएक न बोलता घरात गेली. ते न बोलणं नऊ वर्षं चाललं.

"वॉरंट कशाला, गार्लंड? मी वर जाऊन समजावतो तिला," होबर्ट म्हणाला.

"समजावणं पुरे. आता कायदा."

"मग मार्लोला जावं लागेल. माथ्यावर रोल खाऊ, आणि—"

"मला डोंगर सांगू नकोस," गार्लंडने बोट रोखलं. "तुझ्या सीटखाली ते यंत्र आहे. पेपरात आलंय सगळं. काढ बाहेर."

होबर्ट आधी परड्यात जाऊन खुरांचे ठसे आणि लीद बघून आला. होबर्टने टॅब काढला, पुसला, चालू केला. रेंजची एकही काडी नाही. गार्लंडला सोबत घेऊन तो चर्चपर्यंत गेला. तिथे एक काडी आली, गेली, परत आली. पुलावर काहीच नाही. शेवटी पुलापाशी टपाल वाटणारी बाई भेटली. गाडीतूनच हात करून ती म्हणाली, "अरे, या खोऱ्यात रेंज एकाच ठिकाणी येते. झेलाच्या ओसरीवर, डावीकडे, डीप फ्रीझरपाशी. दोन काड्या. कधी कधी तीन."

होबर्टने गार्लंडकडे बघितलं. गार्लंड समोर बघत म्हणाला, "मी त्या ओसरीवर पाय ठेवणार नाही. खाली गाडीत बसतो. तू जा."

झेला ओसरीवरच बसली होती. मांडीवर पातेलं, पातेल्यात शेंगा, बोटं शेंगांचे दोर काढण्यात गुंतलेली. घरामागे तिचं गाढव उभं होतं. करड्या रंगाचं, पोट सुटलेलं, एक कान वाकडा. त्याचं नाव जज.

"ये रे होबी. तंबाखू टाकलीस ना?"

"टाकली, मिस झेला." शाळेच्या बसमधली ती 'मिस' अजून सुटली नव्हती.

"चहा घे. बर्फ घातलाय. काय काम काढलंस?"

होबर्टने टोपी काढली. "मिस झेला, तुमच्या ओसरीवर रेंज येते म्हणतात. मला मॅजिस्ट्रेटना कॉल लावायचाय. एक तक्रार द्यायची आहे शपथेवर."

"लाव की. कुणाविरुद्ध?"

"तुमच्या."

झेलाने शेंग मोडली आणि पातेल्यात टाकली. "मग आधी पाय पूस. आत्ताच झाडलंय."

होबर्टने पाय पुसले आणि फ्रीझरपाशी जाऊन कॉल लावला. पडद्यावर मॅजिस्ट्रेट ज्युएल पॉली दिसल्या. या काउंटीत मॅजिस्ट्रेट मतांवर निवडून येतात. ज्युएलबाईंनी त्याआधी तीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं, त्यामुळे कोण खोटं बोलून दुसऱ्यांदा पुडिंग मागतो हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं.

"होबर्ट! अखेर यंत्र चालू केलंस म्हणायचं. मला तुझं फक्त कपाळ दिसतंय."

होबर्टने टॅब खाली धरला, तर हनुवटी दिसायला लागली. फ्रीझरला टेकवला तर घसरला. डाव्या हातात धरून उजवा हात वर केला की टॅब तिरका व्हायचा आणि ज्युएलबाई म्हणायच्या, "आता छत दिसतंय. छान रंगवलंय."

"आण इकडे," झेला उठली. तिने पातेलं खुर्चीवर ठेवलं, हात ॲप्रनला पुसले आणि टॅब दोन्ही हातांनी धरला, बसच्या स्टिअरिंगसारखा, अगदी स्थिर. "घे आता शपथ."

होबर्टने हात वर केला. खरं सांगेन, पूर्ण सांगेन, देवाची शपथ.

"होबर्ट," ज्युएलबाई पुढे वाकल्या, "पडद्याच्या कोपऱ्यात अंगठा दिसतोय तो कुणाचा?"

"तक्रार जिच्याविरुद्ध आहे तिचा, मॅडम."

"बरं," ज्युएलबाई म्हणाल्या. "हे चालतं असं कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही, पण चालत नाही असंही नाही. बोल."

होबर्टने सांगितलं. जनावर मोकाट सोडणं. गार्लंड क्लाइन यांच्या परड्यात शिरून झेला मुलिन्स यांच्या मालकीच्या जज या गाढवाने कोबीचे चौदा गड्डे—

"अकरा," झेला म्हणाली. "मी इथून मोजलेत. तीन तर पावसाने आधीच कुजले होते."

"मिस मुलिन्स," ज्युएलबाईंचा आवाज औपचारिक झाला, "तक्रार तुमच्यावर आहे. तुम्ही आत्ता काही बोललात तर ते तुमच्याविरुद्ध जाऊ शकतं. गप्प बसायचा तुम्हाला हक्क आहे."

"मॅडम, नऊ वर्षं तोच हक्क वापरतेय. पण कोबी अकराच होते."

"आणि गाढवाचं नाव जज का?"

"कुणाचं ऐकत नाही आणि सगळं सावकाश चावतो."

ज्युएलबाईंनी चहाचा ग्लास तोंडाला लावला. तो जरा जास्तच वेळ तोंडाशी राहिला. मग त्या म्हणाल्या, "होबर्ट, गाढव आत शिरताना तू स्वतः पाहिलंस?"

मार्लोच्या कोर्टात उभं राहून 'होय मॅडम, खात्री आहे' म्हणणं सोपं होतं. इथे झेला हातभर अंतरावर टॅब धरून त्याच्याकडे बघत होती, आणि तो परत पाचवीतला झाला होता. "नाही पाहिलं. खुरांचे ठसे पाहिले. लीद पाहिली."

"ते आत कसं आलं?"

"माहीत नाही, मॅडम. गार्लंड म्हणाला तेवढंच."

"मग मला गार्लंडकडूनच ऐकलं पाहिजे. ऐकीव गोष्टीवर मी एकोणऐंशी वर्षांच्या बाईवर कागद काढणार नाही. बोलाव त्याला."

होबर्ट टेकाड उतरून खाली गेला. गार्लंड गाडीत हाताची घडी घालून बसला होता.

"मी ओसरीवर येणार नाही म्हटलं ना."

"ओसरीवर नको येऊस. अंगणात उभा राहा. पण तुझा चेहरा दिसल्याशिवाय त्या शपथ देणार नाहीत."

गार्लंड कण्हत उतरला. टेकाड चढताना दोनदा थांबला, आणि दोन्ही वेळा त्याने झाडांकडे बघत असल्याचं सोंग केलं. होबर्टच्या ते लक्षात आलं. अंगणाच्या टोकाला, फाटकापाशी येऊन गार्लंडने टोपी काढली आणि हात वर केला. होबर्टने झेलाकडून टॅब घेऊन त्याच्यासमोर धरला. पडदा गोठला. ज्युएलबाई तोंड अर्धं उघडं ठेवून स्तब्ध झाल्या.

"जरा पुढे ये," होबर्ट म्हणाला.

गार्लंड चार पावलं पुढे आला. "...कू येतंय का?" ज्युएलबाई म्हणाल्या आणि परत गोठल्या.

आणखी चार पावलं. आता आवाज होता, चित्र नव्हतं. पायऱ्यांपाशी चित्र आलं, तर आवाज गेला. पहिल्या पायरीवर ज्युएलबाई बोलायला लागल्या, पण त्यांचे ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. गार्लंडने दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला. तिसऱ्या पायरीवर थांबून तो म्हणाला, "इथे बरोबर आहे."

"इथे काहीच नाही," होबर्टने काड्या दाखवल्या. "फ्रीझरपाशी यावं लागतं."

"यंत्र काढणाऱ्याला एकदा भेटायचंय मला," गार्लंड पुटपुटला आणि ओसरीवर चढला.

"पाय पूस," झेला म्हणाली. नऊ वर्षांत तिने त्याच्याशी बोललेले हे पहिले दोन शब्द होते. गार्लंडने पाय पुसले.

आता पंचाईत अशी की, होबर्टने टॅब धरला तर तो गार्लंडसाठी फार उंच व्हायचा आणि ज्युएलबाईंना नुसतं टक्कल दिसायचं. झेलाने त्याच्या हातून टॅब पुन्हा घेतला. तो तिने छातीपाशी धरला, आणि गार्लंड तिच्यासमोर, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर उभा राहिला. दोघंही एकमेकांकडे न बघण्यासाठी टॅबकडे बघत होते. एक पुढून, एक मागून.

गार्लंडने हात वर केला. शपथेचे शब्द त्याने सावकाश, एकेक करून म्हटले. होबर्टने बावीस वर्षांत शपथा खूप ऐकल्या होत्या. बहुतेक लोक त्या बसचं तिकीट काढल्यासारख्या घेतात. गार्लंड मात्र 'देवाची शपथ' म्हणताना थांबला आणि मगच ते शब्द त्याने उच्चारले.

"मिस्टर क्लाइन," ज्युएलबाई म्हणाल्या, "गाढव आत कुठून आलं?"

"फाटकातून."

"कुंपण मोडून नाही?"

"नाही. मधल्या कुंपणात फाटक आहे. माझ्या बाजूने कडी."

"कडी कुणी काढली?"

गार्लंड गप्प. मागे जजने एकदा पाय आपटला.

"मिस्टर क्लाइन, रेंज गेली की तुम्ही गप्प आहात?"

"मी गप्प आहे, मॅडम." त्याने टोपी दोन्ही हातांत फिरवली. "कडी मीच काढतो. रोज सकाळी. सहाला."

"कशासाठी?"

"त्याच्यासाठी." त्याने मानेनेच गाढव दाखवलं. "दोन वर्षं झाली त्याला इथे येऊन. पहिल्याच आठवड्यात ते कुंपणाशी येऊन उभं राहिलं. मी सफरचंद दिलं. दुसऱ्या दिवशी परत आलं. मग काय, रोजचंच झालं. शरदात सफरचंदं, एरवी पावाचे दोन तुकडे आणि पेपरमिंटची एक गोळी."

गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, पण या गाढवाला पेपरमिंटची चव बरोबर कळत होती. गोळीच्या कागदाचा आवाज ऐकला की ते चर्चच्या घंटेसारखी मान हलवायचं, असंही गार्लंडने शपथेवर सांगितलं, कारण पूर्ण सांगेन असं तो म्हणाला होता.

"पेपरमिंट!" झेलाच्या हातातला टॅब हलला. "म्हणून त्याच्या तोंडाला तो वास! मी त्याचे दात डॉक्टरला दाखवले!"

"टॅब स्थिर धरा, मिस मुलिन्स," ज्युएलबाई म्हणाल्या. "मिस्टर क्लाइन, तुम्ही स्वतः फाटक उघडून या गाढवाला दोन वर्षं खाऊ घालताय, आणि ते आत आलं म्हणून आज वॉरंट मागताय. मला हे जरा समजावून सांगा."

"मी फाटक उघडतो, देतो आणि कडी लावतो. आत घेत नाही." गार्लंडचा आवाज खाली आला. "गेल्या सोमवारी घाईत कडी नीट बसली नसावी. मी घरी नव्हतो. तीन दिवस."

"कुठे होतात?"

"चार्ल्सटनला. हॉस्पिटलात. सोमवारी सकाळी छातीत दुखायला लागलं, भाच्याने नेलं. तीन दिवस तारा लावून ठेवलं. काल आलो. बघतो तर परडं साफ." त्याने पहिल्यांदाच टॅबवरून नजर उचलून झेलाकडे बघितलं. "मला वाटलं, मी घरी नाही हे बघून हिने मुद्दाम सोडलं. अक्रोडाचा सूड. रात्रभर तेच डोक्यात होतं."

होबर्टला वाटलं, आपण खाली गाडीत असतो तर बरं झालं असतं.

"तू हॉस्पिटलात होतास?" झेला म्हणाली.

"हो."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार? तू बोलत नाहीस."

"तू बोलत नाहीस!"

"झाड माझ्या बाजूला आहे असं मला वाटलं होतं, झेला. नंतर मोजणीवाला आणला. ते तुझ्या बाजूला निघालं, दोन फूट. मी ते कुणाला सांगितलं नाही."

"का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तोडलेलं झाड परत उभं राहतं का?"

झेलाने टॅब होबर्टच्या हातात दिला. बघून दिला नाही, नुसता बाजूला सरकवला; होबर्टने झेलला म्हणून वाचला. "झाडाचं मी बघून घेतलं असतं रे," ती गार्लंडला म्हणाली, "पण तू येऊन 'चुकलं' म्हणशील म्हणून मी पहिला अख्खा हिवाळा दार उघडं ठेवलं होतं. थंडीने माझे नळ फुटले!"

"दार उघडं ठेवायला कुणी सांगितलं होतं? मला काय स्वप्न पडणार होतं?"

"गाढवाला पेपरमिंट द्यायला सुचतं, ते स्वप्नात?"

"गाढव निदान रुसत तरी नाही!"

आवाज चढले. जजसुद्धा घरामागून पुढे आला आणि पायऱ्यांशी उभा राहिला. होबर्टच्या हातातून ज्युएलबाई म्हणाल्या, "होबर्ट, मला दिसत नाहीये. मारामारी आहे का? मार्लोहून कुणाला पाठवू?"

होबर्टने टॅब वळवून त्यांना ते दृश्य दाखवलं. गार्लंड हातवारे करत होता. झेला बोट नाचवत होती. बोलता बोलताच तिने पायाने खुर्ची त्याच्याकडे ढकलली होती, आणि बोलता बोलताच तो त्या खुर्चीत बसला होता.

"मारामारी नाही, मॅडम," होबर्ट म्हणाला. "थकबाकी आहे. नऊ वर्षांच्या बोलण्याची."

"मग माझा निकाल तेवढा ऐका." ज्युएलबाईंनी आवाज मोठा केला. शाळेच्या जेवणघरात तीनशे पोरांना गप्प करणारा आवाज टॅबच्या इवल्याशा भोकातूनही तितकाच बाहेर आला. दोघं थांबले. "पाहुण्याला आपणच दार उघडायचं आणि मग तो जेवला म्हणून पोलीस बोलवायचा, हे चालणार नाही. वॉरंट नाही. समन्स नाही. तक्रार फेटाळली. मिस्टर क्लाइन, शपथेवर खरं बोललात, आभारी आहे. फार थोडे बोलतात. होबर्ट, कारणाच्या रकान्यात लिही : तक्रारदाराच्या संमतीने."

"कशाच्या संमतीने, मॅडम? गाढवाच्या प्रवेशाच्या की कोबीच्या?"

"एकच शब्द लिही. रकाना लहान आहे."

झेलाचं मात्र समाधान झालं नव्हतं. "म्हणजे मी सुटले?" तिने विचारलं. "मला सुटायचं नाही. जज माझा, कोबी त्याने खाल्ले. उद्या खोऱ्यात म्हणतील, म्हातारी म्हणून सोडली."

"मिस मुलिन्स, मी फेटाळलेली तक्रार आरोपीच्या हट्टाने परत दाखल करता येत नाही."

"अकरा गड्डे देईन मी त्याला. माझ्या वाफ्यातले."

"चौदा," गार्लंड म्हणाला.

कॉल संपवण्याआधी होबर्टने बोटाने सही केली. या खेपेला ती कोंबडीपेक्षा गाढव चालून गेल्यासारखी दिसत होती. तो टोपी घालून निघाला, तरी त्या दोघांपैकी कुणाचंच त्याच्याकडे लक्ष नव्हतं. झेलाने बर्फाच्या चहाचा ग्लास गार्लंडसमोर आदळला होता आणि विचारत होती, "डॉक्टर नक्की काय म्हणाला? सगळं सांग. मघाशी शपथ घेतलीस, ती अजून उतरलेली नाही."

डॉक्टर म्हणाला होता की छातीतली एक नस आत जाळी घालून उघडावी लागेल. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तारीख मिळाली. भाचा खाणीत पाळीवर, त्याला सुट्टी नव्हती. झेला म्हणाली, चौतीस वर्षं मी साठ पोरांची बस या डोंगरातून नेलीय, एक म्हातारा मला जड नाही. तिने तिचा जुना ट्रक काढला, गार्लंडला शेजारी बसवलं, पट्टा आवळला आणि नेलं. जाताना पीव्हीच्या रस्त्याने जायचं की नदीकाठच्या, यावरून त्यांचं वाजलं. येताना तेच भांडण उलट्या बाजूने झालं. गार्लंडने नंतर होबर्टला सांगितलं की ऑपरेशनच्या टेबलावर त्याला इतकं शांत वाटलं की उठावंसंच वाटेना.

ते दोघं चार्ल्सटनला असताना जजकडे बघायला कुणी नव्हतं. झेलाने होबर्टला विचारलं नाही, सांगितलं. पहिल्या सकाळी तो पावणेसहालाच कुंपणाशी जाऊन उभा राहिला. धुकं अजून खोऱ्यात बसलेलं होतं. परड्यात शेंगांच्या नव्या ओळी होत्या आणि कोबीच्या ओळीत झेलाच्या वाफ्यातले गड्डे. रोपांसकट आणून लावलेले, जरा वाकडे, पण धरलेले. गार्लंड म्हणायचा तसे ते चौदाच होते, की झेला म्हणायची तसे अकरा, हे होबर्टने मुद्दामच मोजलं नाही.

सहाला धुक्यातून जज आला. वाकडा कान आधी दिसला, मग पोट. होबर्टने कडी काढली, पावाचे दोन तुकडे पुढे केले. गाढवाने ते घेतले, सावकाश चावले. होबर्टने खिशातून पेपरमिंटची गोळी काढली. कागद वाजताच त्याची मान हलली. गोळी खाऊन झाल्यावर मात्र ते हललं नाही. होबर्टच्या खांद्यावरून मागे, गार्लंडच्या बंद दाराकडे बघत राहिलं.

"परवा येतोय तो," होबर्टने त्याला सांगितलं. "ठणठणीत आहे. फोन आला होता."

जजने त्याच्या बाहीचा वास घेतला आणि ती हलकेच चावून बघितली. मग होबर्टने कडी लावली, हात लावून दोनदा ओढून बघितली, आणि तो गाडीकडे गेला.